‘गिरड’ हा शब्द पडद्यावर उमटतो कसा? मजकूर-मांडणीचा वेग आणि बांधणी



आज एक छोटा प्रयोग आधी करू, बोलू नंतर. मोबाईल हातात घ्या आणि आपल्या गावाचा पत्ता टाईप करा: गिरड, ता. समुद्रपूर, जि. वर्धा. घाई करू नका. एकेक बटण दाबा आणि पडद्याकडे बघा.

‘ग’ दाबला, ग दिसला. आता पहिली वेलांटी दाबा. तुम्ही ती ग च्या नंतर दाबली, पण ती बसली ग च्या आधी. ग बिचारा उजवीकडे सरकला. पुढे ‘वर्धा’ घ्या. व आला, र आला, हलन्त आला, ध दाबला आणि मघाशी ठळक दिसणारा र गायब. तो रफार होऊन ध च्या डोक्यावर जाऊन बसला. काना दाबला की हा रफार आणखी थोडा उजवीकडे, कान्यावर सरकतो. ‘समुद्रपूर’मध्ये तर उलटाच प्रकार. तिथे द, हलन्त आणि र असं टाईप केलं तर र वर जात नाही, द च्या पायाशी तिरपी रेघ होऊन चिकटतो. र तोच, हलन्तही तोच, फक्त क्रम बदलला.

म्हणजे आपल्या तीन शब्दांच्या पत्त्यात देवनागरीच्या मांडणीचे तीन मोठे नियम बसलेले आहेत. गिरडची मुलं जन्मापासून हा पत्ता लिहितात, त्यामुळे उदाहरण शोधायला लांब जायला नको.

हे सगळं कोण करतं? फोनच्या आत मजकूर-मांडणीची एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं कपाट नव्हे. वेगवेगळ्या ॲपना सारखं लागणारं काम एकदा नीट लिहून ठेवलेला प्रोग्राम म्हणजे लायब्ररी. व्हॉट्सॲप असो, दीक्षा ॲप असो की ब्राउझर, अक्षरं नुसती साठवली जातात ती बोलण्याच्या क्रमाने. युनिकोडचा तसा नियमच आहे. ‘गिरड’ म्हणजे ग, ि, र, ड अशी चार चिन्हं. ‘वर्धा’ म्हणजे पाच. ‘समुद्रपूर’ म्हणजे नऊ. या साठवलेल्या रांगेतून डोळ्यांना दिसणारी ओळ तयार करणं हे मांडणीचं काम.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे इंजिनिअर लोकांनी बघावं, आम्हाला काय त्याचं? तर बघा. वर्गात आठ-दहा वर्षं जुना संगणक असतो. पालकांचा फोन साधा असतो आणि त्यावरच मुलगी संध्याकाळी धडा वाचते. पान वर सरकवताना अडकतं, प्रश्नपत्रिकेत एक ओळ घातली की संगणक विचारात पडतो, किंवा ‘आचाऱ्या’ची ‘आचार्या’ होते. यातलं बरंचसं या लायब्ररीच्या वेगाशी आणि अचूकपणाशी बांधलेलं आहे. आणि लायब्ररी सुधारते किती लवकर, हे तिच्या ‘बिल्ड’ला लागणाऱ्या वेळेवर अवलंबून असतं. आज हे दोन्ही वेग समजून घेऊ.

हे काम पूर्वी माणूस करायचा

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायची पद्धत होती, ती आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. खिळे जुळवणाऱ्यासमोर लाकडी खणांचं मोठं तबक. इंग्रजीचं तबक लहान, मराठीचं मात्र केवढं तरी पसरलेलं, कारण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, रफार, मात्रा, उकार यांचे खिळे वेगळे. वेलांटी आधी उचलायची की ग आधी, हे त्या माणसाच्या हाताला पाठ असायचं. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करायचे प्रयत्न केले, ते हौस म्हणून नव्हे. खण कमी झाले की हात कमी फिरतो आणि अंक वेळेवर निघतो. म्हणजे ‘मांडणीचा वेग वाढवणे’ हा विषय मराठीला नवा नाहीच. या सगळ्या कलेवर बापूराव नाईक यांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षररचनेवर तीन खंडांचा ग्रंथ लिहून ठेवला आहे.

मग संगणक आले आणि मधली काही वर्षं मजेशीर गेली. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये वेलांटी, रफार, अर्धा ग असे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. टाईप करणारा आधी वेलांटी दाबायचा, मग ग. संगणकाला काहीच मांडणी करावी लागत नसे, म्हणून ते फॉन्ट फार जलद वाटत. सगळं काम टाईप करणाऱ्यावर ढकललेलं होतं! किंमत नंतर कळायची. फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. शोधायला गेलं तर ‘गिरड’ सापडत नाही, कारण आत ‘गिरड’ साठवलेलंच नाही. दृष्टिहीन मुलाला ती फाईल वाचून दाखवणारा प्रोग्रामही गप्प. अजूनही अनेक शाळांच्या जुन्या प्रश्नपत्रिका याच रूपात पडून आहेत.

युनिकोडने साठवण आणि दिसणं वेगळं केलं, ते बरंच झालं. पण त्यामुळे वेलांटी उचलून मागे नेण्याचं काम आता यंत्राला करावं लागतं, दर शब्दाला.

आत नक्की काय घडतं

मजकूर आला की आधी त्याचे तुकडे पडतात: इथपर्यंत मराठी, मग मधेच एखादा इंग्रजी शब्द. प्रत्येक तुकड्याला फॉन्ट ठरतो. मग खरं कष्टाचं काम येतं, अक्षर घडवण्याचं. शब्दाचे अक्षरगट पाडायचे (आपण पहिलीला ‘स-मु-द्र-पू-र’ असं तोडून वाचायला लावतो ना, अगदी तसंच), त्यात मुख्य व्यंजन कोणतं ते शोधायचं, वेलांटी पुढे न्यायची, रफार मागे न्यायचा, अर्ध्या अक्षरांची रूपं घ्यायची, जोडाक्षर फॉन्टमध्ये असेल तर ते उचलायचं. नंतर मात्रा, अनुस्वार, रफार कुठल्या उंचीवर बसणार ते मोजायचं. एवढं झाल्यावर ओळी पाडायच्या आणि शेवटी रंगवायचं.

या अक्षर घडवण्यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी मुक्त लायब्ररी म्हणजे हार्फबझ. इराणी वंशाच्या बेहदाद एस्फहबोद यांनी ती वाढवली. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांत तीच आहे, आणि लिबरऑफिसने २०१७ साली आलेल्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे तीच घेतली. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं. आपल्या टेकडीवरच्या दर्ग्यात उर्दू कमान वाचणाऱ्या मुलांना हर्फ शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

वेग येतो कुठून? पाढ्यांतून

सात आठे किती हे मुलाला विचारलं तर ते सात वेळा आठ मिळवत बसत नाही. छप्पन्न म्हणतं आणि पुढे जातं. एकदा केलेलं काम लक्षात ठेवायचं आणि पुन्हा करायचं नाही, एवढीच युक्ती. मांडणीच्या लायब्ररीत याला ‘कॅश’ म्हणतात. पैशांशी संबंध नाही. साठवलेल्या उत्तरांची वही समजा.

क्रोम आणि फायरफॉक्स ही वही शब्दागणिक ठेवतात. ‘शाळा’ शब्द एकदा घडवला की त्याची रूपं आणि मापं वहीत. पानावर तो शंभर वेळा आला तर नव्याण्णव वेळा वहीतून उचलायचा. अँड्रॉइडमध्येही अशीच वही आहे.

पण इथे मराठीची एक गंमत आहे, आणि ती व्याकरण शिकवणाऱ्यांना लगेच पटेल. इंग्रजीत ‘स्कूल’ हा शब्द इन, फ्रॉम, टू लागले तरी तसाच राहतो. आपल्याकडे शाळा, शाळेत, शाळेतून, शाळेला, शाळेतल्या, शाळेतल्यांनासुद्धा. विभक्तीचा प्रत्यय लागला की सामान्यरूप होतं आणि वहीच्या दृष्टीने तो नवाच शब्द. म्हणून तेवढ्याच आकाराच्या वहीत मराठीला उत्तर सापडण्याची शक्यता इंग्रजीपेक्षा कमी. मग शब्दाऐवजी अक्षरगटांची वही का ठेवू नये? ‘शा’, ‘ळे’, ‘त’. दिसायला सोपं आहे, पण काही फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षराकडे बघून अंतर कमीजास्त होतं. शब्दाच्या मधे कापलं की ते हुकतं. शब्दामधली मोकळी जागा हीच त्यातल्या त्यात सुरक्षित जागा. (त्यातही काही फॉन्ट मोकळ्या जागेलाही नियम लावतात; फायरफॉक्स आधी तपासून बघतो की हा फॉन्ट तसला आहे का.)

वहीची दुसरी अडचण अधिक महत्त्वाची. उत्तर कुठल्या प्रश्नाचं होतं, ते पूर्ण लिहून ठेवावं लागतं. ‘लक्षात’ हा शब्द वहीत आहे, पण तो कुठल्या फॉन्टमधला, कुठल्या आकाराचा आणि कुठल्या भाषेचा? मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. आपण मुलांना पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतो, आणि शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही तीच रूपं आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं की मराठी वळण येतं. आता कुणी वेग वाढवण्याच्या नादात वहीतून ‘भाषा’ हा रकाना गाळला, तर हिंदी पानावर घडलेला ल मराठी पानावर येईल. प्रोग्राम कुठेही अडणार नाही, एरर येणार नाही. फक्त पहिलीतल्या मुलाला पुस्तकात एक ल दिसेल आणि फळ्यावर दुसरा. अशा चुका शोधायला मराठी वाचणारा माणूस लागतो.

परीक्षा हॉलबाहेरची पाटी

वहीत उत्तर नसेल तेव्हा तर काम करावंच लागतं. तेही जलद कसं करायचं?

एका चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो नियम असतात: क आणि ष जवळ आले की क्ष, त आणि र आले की त्र, वगैरे. प्रत्येक शब्दावर प्रत्येक नियम लावून बघणं म्हणजे एका मुलाची जागा शोधायला केंद्रावरच्या सगळ्या वर्गांतली सगळी बाकं फिरण्यासारखं. आपण तसं करत नाही. दारावरची पाटी बघतो: बैठक क्रमांक अमुक ते तमुक. आपला क्रमांक त्यात नसेल तर आत पाऊलही टाकत नाही. असेल तर आत जाऊन शोधतो. क्वचित आत जाऊनही सापडत नाही, पण पाटीने ‘नाही’ म्हटलेला मुलगा आत कधीच नसतो.

हार्फबझ अगदी हेच करतं. प्रत्येक नियमाच्या दारावर एक छोटी पाटी, शब्दातली अक्षरं त्या पाटीत बसत नसतील तर नियम सोडून द्यायचा. ‘गिरड’मध्ये एकही जोडाक्षर नाही, तो बहुतेक दारांवरूनच परत फिरतो. ‘लक्ष्मी’ला काही दारांतून आत जावं लागतं. शिवाय या फॉन्टला, या भाषेला कोणते नियम कोणत्या क्रमाने लावायचे याचा आराखडाही एकदाच काढून जपून ठेवला जातो.

ओळी पाडण्यातही वाचवण्यासारखं बरंच असतं. फोन आडवा धरला तर ओळीची लांबी बदलते, शब्द बदलत नाहीत. मग शब्द पुन्हा का घडवायचे? हार्फबझ प्रत्येक अक्षरगटावर एक खूण करून ठेवतं की इथे कापलं तर आधीचं काम चालेल, की पुन्हा घडवावं लागेल. ओळी पाडणारा त्या खुणा बघून फक्त लागेल तेवढंच काम करतो. प्रश्नपत्रिकेतही तसंच: तिसऱ्या प्रश्नात एक शब्द घातला तर तिसऱ्या परिच्छेदाची मांडणी नवी, बाकीचे प्रश्न नुसते खाली सरकवायचे. जी सॉफ्टवेअर एका शब्दासाठी सगळी पत्रिका नव्याने मांडतात ती पाचव्या पानानंतर रडकुंडीला येतात. तुम्ही अनुभवलं असेलच.

आणि एक काम आधी करून ठेवण्याचं. उर्साच्या गर्दीत प्रसादाचा दुकानदार गिऱ्हाईक समोर आल्यावर रेवड्या तोलत बसत नाही, सकाळीच पुड्या बांधून ठेवतो. अँड्रॉइडने २०१८ च्या नवव्या आवृत्तीत अशी सोय ॲप लिहिणाऱ्यांना दिली: पुढे दिसणार असलेला मजकूर मागच्या बाजूला आधीच मांडून ठेवायचा, म्हणजे बोटाने पान सरकवताना झटका बसत नाही.

‘क्लिष्ट’ कोणासाठी?

इथे मला थोडं तिरकस बोलायचं आहे. बरीच वर्षं ब्राउझरच्या आत दोन वाटा होत्या. एकीचं नाव ‘साधी’, दुसरीचं ‘क्लिष्ट’. इंग्रजी साध्या वाटेने सुसाट जायची, देवनागरी, अरबी, तमिळ क्लिष्ट वाटेने. वेग मोजायचे तेही साध्या वाटेवर. आपली दुसरीतली मुलं जे अडखळत का होईना वाचतात, त्याला क्लिष्ट म्हणायचं! क्रोमने पुढे ती साधी वाट बंद केली आणि सगळ्या लिप्या एकाच वाटेने नेल्या. परिणाम असा की त्या वाटेवरची प्रत्येक सुधारणा आता सगळ्यांच्याच कामी येते. माझ्या मते देवनागरीचा वेग वाढवण्यात एखाद्या हुशार युक्तीपेक्षा या एका निर्णयाचा वाटा मोठा आहे.

म्हणून कुणी ‘आमची लायब्ररी दुप्पट जलद झाली’ म्हटलं की विचारा, कुठल्या मजकुरावर मोजलं? नुसत्या इंग्रजी परिच्छेदावर मोजलेला आकडा आपल्या पानाबद्दल फार काही सांगत नाही.

आणि वेगाच्या आधी अचूकपणा. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर एक तेलुगू अक्षर आलं की संदेशाचं ॲपच बंद पडायचं. ते अक्षर म्हणजे तेलुगूतला ‘ज्ञा’, मधे एक न दिसणारं चिन्ह असलेला. आपल्या ‘ज्ञानेश्वरी’तला ज्ञा! एका अक्षरगटाची मांडणी चुकली आणि लोकांचे फोन अडले. कंपनीला त्याच महिन्यात दुरुस्ती पाठवावी लागली.

दुसरा वेग: बांधणीचा

दुरुस्ती पाठवायची तर आधी ती करून बघावी लागते. प्रोग्राम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात, मग त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होतं. सगळे तुकडे असे रूपांतरित करून जोडणं म्हणजे बिल्ड, मराठीत बांधणी म्हणू. समजा वर्ध्याच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीला दिसलं की ‘ऱ्य’ एका ठिकाणी चुकतोय. तिने एक ओळ बदलली. तिच्या जुन्या लॅपटॉपवर बांधणीला वीस मिनिटं लागत असतील तर संध्याकाळभरात ती तीन-चार प्रयत्न करेल आणि नाद सोडेल. वीस सेकंद लागत असतील तर ती रात्रीपर्यंत मुळाशी जाईल. मराठीच्या चुका मराठी माणसानेच शोधायच्या असतील, तर बांधणीचा वेळ ही चैनीची गोष्ट राहत नाही.

हा वेळ वाढतो कशाने? शाळेच्या वेळापत्रकाचं उदाहरण घ्या. एक गुरुजी रजेवर गेले तर त्यांच्या तासांपुरता बदल करायचा. पण घंटेच्या वेळाच बदलल्या तर सगळ्या वर्गांचं वेळापत्रक नव्याने लिहावं लागतं. लायब्ररीतही काही फाईली घंटेसारख्या असतात, त्यांच्याकडे बाकी सगळ्या फाईली बघत असतात. अशा सामायिक फाईलीत कामाचं लिखाण कोंबलं की एका ओळीच्या बदलाने सगळी लायब्ररी नव्याने बांधावी लागते. म्हणून वारंवार बदलणारी गोष्ट घंटेच्या फाईलीत ठेवायची नाही. साधा उपाय आहे, पण मोठे मोठे प्रकल्प यातच अडकलेले असतात.

दुसरा उपाय आपल्या पिढीला माहीत आहे. लॉगची वही! बारावीत आपण लॉग काढत बसलो नाही, कुणीतरी एकदा काढून छापले होते. हार्फबझमध्ये देवनागरीचा अक्षरगट कसा ओळखायचा याचं व्याकरण वेगळ्या भाषेत लिहिलेलं आहे आणि त्यातून एक खास अवजार प्रोग्राम तयार करतं. तयार झालेली फाईल लायब्ररीसोबतच मिळते, त्यामुळे नुसतं वापरणाऱ्याकडे ते अवजार नसलं तरी अडत नाही. युनिकोडची माहितीही अशीच आटोपशीर तक्त्यांत आधीच भरलेली असते.

तिसरा उपाय जरा वादाचा. हार्फबझ एकाच फाईलीतून सगळीच्या सगळी बांधता येते. पहिल्यांदा बांधताना हे सोयीचं आणि जलद, कारण सामायिक भाग एकदाच वाचला जातो. पण रोज थोडं थोडं बदलणाऱ्यासाठी हेच उलटं पडतं. स्वल्पविराम बदलला तरी सगळं पुन्हा. कोण बांधतंय यावर उत्तर बदलतं.

दोन्ही वेगांचं नेहमी जमतंच असं नाही, हेही सांगायला हवं. प्रोग्राम चालताना जलद व्हावा म्हणून एकाच कृतीच्या अनेक प्रती करतात, प्रत्येक प्रकारच्या माहितीसाठी एक तयार प्रत. चालताना विचार करावा लागत नाही, पण त्या सगळ्या प्रती बांधताना कराव्या लागतात. मग ठरवावं लागतं: जी कृती दर अक्षराला लागते तिच्या प्रती करा, जी फॉन्ट उघडताना एकदाच लागते तिची एकच पुरे.

आणि शेवटचा उपाय म्हणजे नको ते गाळणं. हार्फबझची हलकी आणि अतिहलकी अशी रूपं बांधता येतात. पण गाळताना काय गळतं याकडे डोळे उघडे हवेत. गोडो नावाचं खेळ तयार करायचं मोफत साधन आहे. काही शाळांत मुलं त्यावर खेळ बनवतात. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी मजकूर-मांडणीचे दोन पर्याय दिले. एक पूर्ण, हार्फबझसह. दुसरा लहान आणि जलद, पण देवनागरीसारख्या लिप्यांची मांडणी न करणारा. मुलाने खेळाची फाईल लहान व्हावी म्हणून दुसरा निवडला, तर ‘गिरड’ची वेलांटी ग च्या मागेच राहील आणि ‘वर्धा’चा र हलन्तासकट उघडा पडेल. “सर, हे अक्षर असं काऊन तुटलं?” असं कुणी विचारलं तर उत्तर इथे शोधा.

वर्गात घेता येईल असा खेळ

सहावी-सातवीला चाळीस मिनिटांत होतो. शंभर शब्दांचा एखादा उतारा घ्या आणि प्रत्येक शब्द चिन्हं सुटी करून, बोलण्याच्या क्रमाने चिठ्ठीवर लिहा: ‘व, र, हलन्त, ध, काना’. दोन गट करा. पहिला गट प्रत्येक चिठ्ठी उघडून शब्द नव्याने घडवेल. दुसरा गट घडवलेला शब्द वहीत टिपून ठेवेल आणि तो पुन्हा आला की वहीतून उतरवेल. घड्याळ लावा. सुरुवातीला वहीचा गट मागे पडतो, कारण टिपायलाही वेळ लागतो; पुढे काय होतं ते मुलांनाच बघू द्या. मग दुसरा उतारा असा द्या की त्यात एकही शब्द पुन्हा येत नाही, आणि आता कोण जिंकलं ते विचारा. शेवटी जाहीर करा की रफाराचा नियम बदलला. वहीतली कोणती पानं खोडायची, कोणती तशीच ठेवायची? यावर वर्गात भांडण होतं, आणि ते होऊ द्यावं.

पालकांसाठी आणि संगणक कक्ष सांभाळणाऱ्यांसाठी एक तपासणीची ओळ देतो. ती जशीच्या तशी टाईप करा:

आचाऱ्याने आचार्यांना ॲल्युमिनियमच्या ताटात श्रीखंड वाढलं. लक्ष्मीच्या तऱ्हा बघून शर्मिष्ठा हसली.

पहिल्या दोन शब्दांतला र वेगळा दिसला पाहिजे, नाहीतर स्वयंपाकी आणि गुरू एकच होतील. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फॉन्ट फार जुना आहे, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. ‘शर्मिष्ठा’त वेलांटी म च्या आधी आणि रफार म च्या डोक्यावर, दोन्ही एकाच वेळी हवेत. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते बघा. नसतील तर सेटिंगमध्ये भाषा हिंदी आहे का ते तपासा. मग हीच ओळ कॉपी करून दोनशे वेळा चिकटवा, मधल्या एखाद्या ओळीत एक शब्द घाला आणि पान वरखाली करून बघा. नवीन ॲप किंवा नवा फॉन्ट शाळेत घेण्याआधी हे सगळ्यात जुन्या फोनवर करा, मुख्याध्यापकांच्या नव्या फोनवर नको.